साडीच्या आतल्या निऱ्या

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याने निघालं की काही किलोमीटरवर तिरुभुवनम येतं. गाव रेशमाचं. इथल्या हातमागावरच्या रेशमी साडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिची एक ओळख अशी की ती आपल्यासारखी चौकोनी घडीत ठेवत नाहीत. मिटत्या पंख्यासारखी चुणत चुणत दुमडतात. तमिळमध्ये या घडीला ‘विसिरी मडिप्पु’ म्हणतात, म्हणजे पंख्याची घडी.

त्या साडीतला एक धागा घेऊन आत, पार रेणूंपर्यंत उतरत गेलं तर तिथेही चुण्याच भेटतात. १९५१ साली लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी कॅलिफोर्नियात बसून प्रथिनांच्या साखळ्यांची एक रचना मांडली. साखळ्या शेजारी शेजारी पडून त्यांचा पत्रा होतो आणि तो पत्रा सपाट नसतो, निऱ्या घातल्यासारखा वर-खाली होत जातो. रेशीम हे या रचनेचं ठळक उदाहरण ठरलं. साडीची निरी आणि रेणूची निरी सारखी दिसावी हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही गूढ शोधू नये. गंमत आहे ती दोन्हींतल्या फरकात. साडीच्या निऱ्या कुणीतरी बोटांनी घालतं. रेणूच्या निऱ्या कुणीच घालत नाही.

मागावर बसलेल्या विणकराकडे पाहिलं की हे जास्त जाणवतं. ताण्याचा हजारो धाग्यांचा पट्टा, त्यातून धावणारा धोटा, फणीचा ठोका. प्रत्येक धागा कुणाच्या तरी हाताने जागेवर गेलेला असतो. काठ-पदरावर जरीचं फूल कुठे उमलणार हे आधी ठरलेलं असतं. आणि ज्या धाग्याला तो इतक्या निगुतीने बसवतो आहे, त्या धाग्याच्या आत अब्जावधी रेणू आपापले येऊन, बरोबर अंतरावर, बरोबर दिशेने बसलेले असतात. त्यांना बसवणारा हात नाही, साचा नाही, फणी नाही. रेणूंच्या घडणीतच ‘तू इथे चिकट’ एवढी सूचना आहे आणि ती पुरते.

गेल्या चाळीसेक वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी हीच कला आपल्या हाती घ्यायचा चंग बांधला आहे. असा रेणू बनवायचा की तो बाटलीत सोडला की स्वतःहून आपल्या भावंडांशी जुळेल आणि ठरवलेली आकृती उभी करेल. ज्या दुव्यावर हे सगळं चालतं त्याचं नाव हायड्रोजन बंध.

कुंभकोणम म्हटलं की लोकांना रामानुजन आठवतात, डिग्री कॉफी आठवते, बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा आठवतो. मराठी माणसाला तंजावरचे भोसले आठवतील. तरी मला या गावाच्या शेजारचं रेशीम जास्त ओढतं. एक तर येवल्याची पैठणीही त्याच धाग्याची, म्हणून ते परकं वाटत नाही. आणि रेणूंच्या आपसूक जुळणीचं इतकं देखणं उदाहरण आपण हजारो वर्षं अंगावर नेसत आलो आहोत आणि त्याकडे त्या नजरेने कधी पाहिलेलं नाही.

तुतीची पानं खाणारी अळी कोष विणते तेव्हा तिच्या तोंडातून दोन बारीक तंतू एकदम बाहेर येतात आणि सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या प्रथिनाने एकमेकांना चिकटतात. कोषाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा हे सेरिसिनच असतं. विणण्याआधी कच्चं रेशीम साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उकळतात तेव्हा सेरिसिन निघून जातं, आणि मग रेशमाला ती ओळखीची झळाळी आणि मऊपणा येतो. मागे जे उरतं ते फायब्रॉइन. खरं रेशीम ते.

फायब्रॉइनचा मुख्य रेणू म्हणजे ५,२६३ अमिनो आम्लांची एक सलग साखळी. इतक्या लांब साखळीत निसर्गाने विविधतेची हौस करावी असं वाटेल, कारण प्रथिनांसाठी वीस तऱ्हेची अमिनो आम्लं हाताशी असतात. इथे मात्र जवळपास निम्मी जागा एकट्या ग्लायसिनने घेतली आहे, तीस टक्के अ‍ॅलॅनिनने आणि बारा टक्के सेरिनने. ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन, ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन, ग्लायसिन, सेरिन, पुन्हा तेच, पुन्हा तेच. वाचायला घेतलं तर दोन ओळींत कंटाळा येईल असा मजकूर आहे. पण या कंटाळवाण्या आवर्तनातच सगळी करामत आहे.

एक हिशेब करून पाहा. अशी एक साखळी ताणून सरळ केली तर तिची लांबी सुमारे १.८ मायक्रोमीटर भरते, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. आणि एका कोषातून उलगडणारा सलग तंतू? साधारण एक किलोमीटर. याचा अर्थ त्या किलोमीटरभर तंतूत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एकही रेणू नाही. मिलिमीटरभरसुद्धा जाणारा नाही. पक्क्या रासायनिक बंधांनी बांधलेले तुकडे इतके आखूड, की तंतू लांबीला तोलून धरण्याचं काम शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या कच्च्या बंधांवर येऊन पडतं. साडीचा सगळा भार त्या कच्च्या बंधांवर आहे.

तो कच्चा बंध कसा असतो ते पाहू. हायड्रोजन हा सगळ्यांत हलका अणू. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन एकच. तो ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडला गेला की हे दोघे त्या इलेक्ट्रॉनला आपल्या बाजूला ओढून घेतात. हायड्रोजनची दुसरी बाजू उघडी पडते आणि तिच्यावर थोडा धन विद्युतभार येतो. शेजारी एखादा इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन आला की हा उघडा हायड्रोजन त्याच्याकडे झुकतो. दोन मोठ्या अणूंमधलं अंतर ०.२८ ते ०.३ नॅनोमीटर राहतं. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. हायड्रोजन बंधाला वीसेक पुरतात, कित्येकदा त्याहूनही कमी.

मग एवढ्या लेच्यापेच्या बंधाचं कौतुक कशासाठी? त्याच्या दोन गुणांसाठी. पहिला, त्याला दिशा असते. देणारा अणू, मधला हायड्रोजन आणि घेणारा अणू हे तिघे जवळजवळ एका रेषेत आले तरच तो नीट जमतो. नुसतं विद्युत आकर्षण सगळ्या दिशांना सारखं ओढतं, त्यातून लगदा होतो, आकृती होत नाही. आकृतीला दिशा लागते. दुसरा गुण म्हणजे तो तुटू शकतो. हा गुण वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे, त्याच्याकडे परत येतो.

प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक सांध्यावर एक देणारा असतो, नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन; आणि एक घेणारा असतो, कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन. पॉलिंगला एक गोष्ट इतरांच्या आधी उमगली होती: हा सांधा ताठ आणि सपाट असतो, वाटेल तसा पिळवटत नाही. १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये सर्दीने अंथरुणात पडलेला असताना त्याने कागदावर साखळी काढली, कागदाला घड्या घातल्या, आणि देणारे-घेणारे कुठे समोरासमोर येतात ते पाहत बसला. त्यातून आधी प्रथिनांचं मळसूत्र निघालं. निऱ्यांचा पत्रा त्याच विचारातून पुढे आला. साखळी सांध्यासांध्याला वर-खाली होत सरळ जाते, देणारे आणि घेणारे आळीपाळीने उजवी-डावीकडे तोंड करतात, आणि शेजारी तशीच साखळी उलट्या दिशेने येऊन पडली की दोघींचे देणारे-घेणारे बरोबर समोरासमोर येतात. एक बंध लागला की पुढचा आपोआप जागेवर येतो, मग त्याच्या पुढचा.

आता ते कंटाळवाणं आवर्तन आठवा. निऱ्यांमुळे एक आड एक अमिनो आम्लाची बाजूची शेपटी पत्र्याच्या वर येते आणि त्याच्यानंतरच्याची खाली. ग्लायसिनला शेपटी म्हणून नुसता एक हायड्रोजन, अ‍ॅलॅनिनला छोटा मिथाइल गट. म्हणजे पत्र्याच्या एका अंगाला सगळे ग्लायसिन आणि दुसऱ्या अंगाला सगळे अ‍ॅलॅनिन-सेरिन! १९५५ साली मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी रेशमाच्या एक्स-रे चित्रांवरून हेच दाखवलं: पत्रे एकावर एक रचताना ग्लायसिनचं अंग ग्लायसिनच्या अंगाला लागतं, तिथे अंतर ०.३५ नॅनोमीटर, अ‍ॅलॅनिनचं अंग अ‍ॅलॅनिनला लागतं, तिथे ०.५७. नंतरच्या मोजमापांत ही रचना इतकी शिस्तशीर नसून थोडी सरमिसळ असल्याचं दिसलं, पण मूळ कल्पना टिकली. पत्र्याच्या आत हायड्रोजन बंध, पत्र्या-पत्र्यांत लहान शेपट्यांमुळे जमलेली दाट रचना, आणि साखळीच्या दिशेने पक्के बंध. तीन दिशा, तीन तऱ्हेची ताकद. हे सगळं त्या एका अक्षरमाळेत लिहिलेलं.

मला रेशमाबद्दल सगळ्यांत थक्क करणारी वाटते ती पुढची गोष्ट. अळीच्या पोटातल्या ग्रंथीत हेच फायब्रॉइन पाण्यात विरघळलेलं असतं, चांगलं पंचवीस-तीस टक्के घट्ट. तेच तोंडाबाहेर आलं की असं घट्ट होतं की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पावसात भिजा, बादलीत बुडवा, साडी साडीच राहते. आत आणि बाहेर यांत रेणू बदललेला नाही. एकही अणू इकडचा तिकडे झालेला नाही. बदललं आहे ते एवढंच, की कोण कुणाशी हायड्रोजन बंध करून आहे.

ग्रंथीत साखळीच्या देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या जोड्या बहुतांशी पाण्याशी लागलेल्या असतात. पाणी हा हायड्रोजन बंधांचा पट्टीचा खेळाडू. प्रत्येक रेणू दोन देऊ शकतो आणि दोन घेऊ शकतो. त्याच्या गराड्यात साखळ्यांना एकमेकींची गरज पडत नाही. शिवाय साखळीच्या रचनेतच सावधगिरी आहे. आवर्तनाचे लांब पट्टे बारा, आणि त्यांच्या मधे अकरा छोटे वेगळ्या घडणीचे दुवे, ज्यांना पाणी आवडतं आणि जे निऱ्यांत बसत नाहीत. साखळीची टोकंही भारित असतात, एकमेकांना दूर ठेवतात. मग अळी डोकं हलवत, आठाच्या आकड्यासारखे फेरे घालत तंतू ओढू लागते. ग्रंथीच्या निमुळत्या नळीत पुढे सरकताना द्रावण किंचित आम्ल होत जातं, टोकांचा भार बदलतो, पाणी निघून जातं, आणि ओढीमुळे साखळ्या एका दिशेने सरळ होतात. पाणी सुटलं, शेजारीण जवळ आली, दिशा जुळली. क्षणार्धात देणारे-घेणारे एकमेकांना भेटतात आणि पत्रे घडतात. एकदा असे दाट पत्रे झाले की पाण्याला आत शिरायला जागाच उरत नाही, म्हणून साडी विरघळत नाही. हे सगळं खोलीच्या तापमानाला, पाण्यात, एका बोटभर अळीकडून. नायलॉन काढायला कारखान्यात अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं हे इथे मुद्दाम आठवावं.

तंतूचा काही भाग मात्र असा शिस्तीत बसलेला नसतो. ते मधले दुवे आणि उरलेला गोंधळ यांत पाणी शिरू शकतं. रेशमी साडीला सुरकुत्या पडतात त्या तिथेच: दाबलेल्या अवस्थेत साखळ्यांमध्ये नवे हायड्रोजन बंध लागतात आणि मोड टिकून राहते. वाफेची इस्त्री फिरवली की पाणी ते बंध सोडवतं, कापड सरळ होतं, पाणी उडून गेल्यावर सरळ अवस्थेत नवे बंध लागतात. इस्त्री करणारी प्रत्येक व्यक्ती हायड्रोजन बंधांची फेरमांडणी करत असते.

आता तो तुटण्याचा गुण. तिरुभुवनमला तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं प्रचंड देऊळ आहे. तिथली कथा अशी की भुताच्या भयाने राजाला सुटलेला थरकाप या शिवाने थांबवला. रेणूंच्या जगात असा देव पावला तर अनर्थ होईल! तिथे थरथर कधीच थांबत नाही. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा धक्का मोलमागे सुमारे अडीच किलोज्यूलचा असतो, आणि प्रत्येक रेणू तो सतत खात असतो. एकटादुकटा हायड्रोजन बंध या धक्क्यांत टिकत नाही. लागतो, सुटतो, दुसरीकडे लागतो. चुकीच्या जागी बसलेला रेणू म्हणूनच तिथे अडकून पडत नाही. थरथर त्याला सोडवते. बरोबर जागी बसला तर चार-पाच बंध एकदम लागतात, आणि ते सगळे एकाच वेळी सुटण्याची शक्यता फार कमी. चूक सहज सुटते, बरोबर सहज सुटत नाही. रेणूंची आपसूक जुळणी एवढ्यावर चालते. पक्क्या बंधांनी हे जमत नाही, कारण पहिली चूकच कायमची होऊन बसते.

हे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञाचा हात शिवशिवणारच. कागदावर रेणू काढायचा, त्याच्या एका कडेला देणारे-घेणारे हव्या त्या क्रमाने बसवायचे, आणि पाहायचं.

यातला क्रम किती महत्त्वाचा हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. समजा एका रेणूच्या कडेवर चार जागा आहेत: देणारा, देणारा, घेणारा, घेणारा. हाच रेणू उलटा फिरवून स्वतःसमोर धरला तर देणाऱ्यासमोर घेणारा येतो आणि घेणाऱ्यासमोर देणारा. म्हणजे त्याला दुसऱ्या जातीचा जोडीदारच नको, तो आपल्याच भावंडाशी चार बंधांनी जुळतो. आता क्रम बदलून देणारा, घेणारा, देणारा, घेणारा असा केला तर? तरीही चार बंध लागतात. पण जोडी पुष्कळ कमजोर होते. १९९० साली विल्यम जोर्गेन्सनने याचं कारण दाखवलं: समोरच्याशी तर आकर्षण असतंच, शिवाय तिरक्या रेषेतल्या शेजाऱ्याशीही विद्युत ओढाताण चालते. सारखे सारखे एका बाजूला असले तर तिरपी ओढही आकर्षणाची होते. आळीपाळीने असले तर तिरपे शेजारी एकमेकांना ढकलतात. बंधांची संख्या तीच आणि ताकदीत शेकडो-हजारो पटींचा फरक, निव्वळ क्रमामुळे.

या तत्त्वावरचा सगळ्यांत गाजलेला रेणू १९९७ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला बर्ट मायर आणि रिंट सायबेस्मा यांच्या गटाने मांडला. नाव अवघड आहे, युरिडोपिरिमिडिनोन. क्लोरोफॉर्ममध्ये त्याची जोडी इतकी घट्ट जमते, की लिटरला एक मायक्रोमोल इतकं पातळ द्रावण केलं तरी दर दहांपैकी नऊ रेणू जोडीतच सापडतात. लहान साखळ्यांच्या दोन्ही टोकांना हा गट लावला की त्या एकमेकींना जुळत लांबच लांब होतात आणि प्लॅस्टिकसारख्या वागू लागतात. तापवलं की जोड्या सुटतात आणि पदार्थ वाहू लागतो, थंड केला की परत घट्ट. २००८ साली पॅरिसमध्ये लुडविक लायब्लरच्या गटाने याच विचाराचं रबर केलं. ते कापायचं, कापलेली तोंडं एकमेकांना लावून धरायची, आणि ते खोलीच्या तापमानालाच पुन्हा सांधलं जातं. ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर जोडीदार हरवलेले देणारे-घेणारे उघडे पडलेले असतात, ते समोरच्यांना शोधून काढतात.

या मायरच्या रेणूत एक खोड होती, आणि तिच्यावरचा एक सुंदर तोडगा पुण्याचा आहे. अशा नायट्रोजनवाल्या कड्यांमध्ये हायड्रोजन एका जागी स्वस्थ राहत नाही. तो एका अणूवरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो. बसला की देणारा घेणारा होतो, घेणारा देणारा होतो, आणि इतक्या विचाराने मांडलेला क्रमच बिघडतो. देणारा-देणारा-घेणारा-घेणारा होता त्याचा देणारा-घेणारा-देणारा-घेणारा होऊन बसतो. सरळ उपाय म्हणजे हायड्रोजनला हलूच न देणं, त्यासाठी रेणूत आणखी गट लावणं, संश्लेषणाच्या पायऱ्या वाढवणं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गंगाधर संजयन, पंचमी प्रभाकरन आणि स्फटिकशास्त्रज्ञ वेदवती पुराणिक यांनी २००५ साली वेगळा मार्ग दाखवला. हायड्रोजनला हलू दे की! रेणू असा आखायचा की तो इकडून तिकडे गेल्यावर जे रूप तयार होतं ते आधीच्या रूपाशी तंतोतंत सारखं असेल. मग हलला काय आणि नाही हलला काय, कडेवरचा क्रम तोच. मला हा उपाय फार आवडतो. चंचलपणा दाबून टाकण्यापेक्षा तो निरुपद्रवी करून ठेवणं, यात एक खास गणिती ऐट आहे.

भारतात या विषयाची परंपरा तशी जुनी आणि जोमाची. १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह प्रथिनांच्या सांध्यांचे कोणते कोन चालतात आणि कोणते चालत नाहीत याचा नकाशा काढला, तो आजही जगभर त्यांच्या नावाने वापरला जातो. रेशमाच्या निऱ्याही त्यातल्याच एका कोपऱ्यात सापडतात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पी. बालराम यांनी पुढे बंगळुरूला तो नकाशा आखणीसाठी वापरला: साखळीत मुद्दाम असं अमिनो आम्ल घालायचं की ज्याला नकाशात फिरायला फारच थोडी जागा आहे, म्हणजे साखळीला मळसूत्र होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. गौतम देसिराजू यांनी स्फटिकांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या हायड्रोजन बंधांच्या नमुन्यांना १९९५ साली आखणीचे एकक म्हणून मांडलं. आणि २०११ साली शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने हायड्रोजन बंधाची व्याख्या नव्याने केली तेव्हा त्या समितीचे प्रमुख होते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन. शतकभर वापरात असलेल्या गोष्टीची व्याख्या एकविसाव्या शतकात नव्याने करावी लागते, यातच तिचं निसरडेपण दिसतं.

एक नाव मात्र या यादीत घाईने घेऊ नये, दर्शन रंगनाथन यांचं. १९९३ साली अमेरिकेत रेझा गदिरी यांनी आठ अमिनो आम्लांचं कडं केलं, एक आड एक डाव्या-उजव्या घडणीचं. त्यामुळे कडं सपाट राहिलं, देणारे-घेणारे वर-खाली उभे राहिले आणि कड्यावर कडं चढत पोकळ नळी झाली. रंगनाथन यांनी सिस्टिन हे अमिनो आम्ल आणि युरियाचे दुवे घेऊन आपली वेगळी कडी आखली, आणि तीही हायड्रोजन बंधांनी एकमेकांवर चढून नळ्या झाली. स्फटिकांचा पुरावा अमेरिकेतल्या इसाबेला कार्ल यांनी दिला. हे काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. त्याआधीची कितीतरी वर्षं रंगनाथन कानपूरच्या आयआयटीत शिष्यवृत्त्यांवर काम करत होत्या, कारण पती तिथे प्राध्यापक असताना पत्नीला नेमायचं नाही असा अलिखित रिवाज होता. २००१ साली, साठाव्या वाढदिवसालाच त्या गेल्या.

आणि तरीही रेशमाची अळी या सगळ्यांच्या पुढेच आहे. मायरची जोडी क्लोरोफॉर्ममध्ये पक्की, पाण्यात ढिली. पाणी मधे घुसून प्रत्येक देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आपलंसं करतं. पाण्यात टिकेल अशी जुळणी हवी तर बंधांना आडोसा द्यावा लागतो, तेलकट भागांच्या आत लपवावं लागतं, जसं डीएनएच्या जिन्यात पायऱ्या एकमेकींवर दाट बसून आतल्या बंधांना झाकतात. अळी तर पाण्यातच सुरुवात करते आणि पाणी केव्हा बाहेर काढायचं हेही तीच ठरवते.

तिची ही युक्ती उलगडायला शास्त्रज्ञ आता तिचंच काम उलटं फिरवतात. सेरिसिन काढलेलं रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या भरपूर घट्ट द्रावणात साठ अंशांवर काही तास ठेवलं की ते विरघळतं. मीठ पाण्याने धुऊन काढलं की हाती राहतं ग्रंथीत असतं तसं, फिकट पिवळसर फायब्रॉइनचं पाणी. त्यातून पातळ पापुद्रे करतात, औषधं हळूहळू सोडणारे गोळे करतात, पेशी वाढवायला सच्छिद्र मचाण करतात. टाके घालायला रेशीम तर शल्यवैद्य कितीतरी आधीपासून वापरत आलेत. हे द्रावण फ्रिजमध्ये सांभाळावं लागतं, कारण ते बाटलीत फार दिवस गप्प बसत नाही. बाहेर राहिलं तर काही दिवसांत, आणि यंत्रावर जोराने घुसळलं तर काही तासांतच, साखळ्या पाण्याला सोडून एकमेकींकडे वळतात, निऱ्यांचे पत्रे घडू लागतात, आणि बाटली उलटी केली तरी आतला घट्ट गोळा खाली पडत नाही.